पानगळीतली रंगीत पानं सजावटीसाठी टिकवायची कशी?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. गोळा केलेली लाल-पिवळी पानं दोन दिवसांत वळून कुरकुरीत होतात, आणि ग्लिसरीनच्या पाण्यात देठ बुडवून ठेवले तरी काही फरक पडला नाही. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या वर्षी मीही हेच करून बसलो होतो. बरणीत देठ उभे केले, आठवडाभर रोज डोकावून पाहिलं, पाणी जिथल्या तिथे.

गळलेलं पान पाणी पीत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. पानगळ जवळ आली की देठ जिथे फांदीला चिकटलेला असतो तिथे पेशींचा वेगळा थर तयार होतो, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजत जातात आणि पान त्या थरापाशी सुटतं. म्हणजे आपल्या हातात येईपर्यंत त्याचं दार बंद झालेलं असतं. देठ पुन्हा छाटला तरी असं पान फारसं काही ओढून घेत नाही. त्याला अख्खंच बुडवावं लागतं. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, पसरट ट्रे, आणि पानं वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर एक ताटली. तीन-चार दिवसांनी एक पान काढून वाकवून बघा. मऊ लागलं तर बाकीची काढून हलकेच पुसा, नाहीतर अजून दोन दिवस राहू द्या. अशी पानं चामड्यासारखी लवचिक राहतात, पण रंग गडद होतो. लाल मरून होतं, पिवळं खाकीकडे झुकतं. मला तो मंदपणा आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

रंग आहे तसाच हवा असेल तर पानं दाबून सुकवा आणि घाई करा. पान जितकं लवकर सुकेल तितका रंग राहतो. त्याच दिवशी पडलेली, दव उडून गेल्यावर उचललेली पानं घ्या, पावसात भिजून जमिनीला चिकटलेली नकोत. साध्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकमेकांना न टेकवता मांडा (गुळगुळीत कागद ओल शोषत नाही) आणि वर जाड पुस्तकांचा ढीग ठेवा. खरी मेख कागद बदलण्यात आहे. पहिल्या दिवशी कागद सगळ्यात जास्त ओल घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो बदलायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी एकदा कंटाळा केला आणि आठवड्याने उघडलं तर निम्म्या पानांवर बुरशीची नक्षी. एक ते दोन आठवड्यांत पानं तयार होतात. इस्त्रीनेही जमतं: वाफ बंद, आच मध्यम, वर-खाली कागद, एका वेळी काही सेकंद. पण जाड पानं इस्त्रीला दाद देत नाहीत.

सगळे रंग सारखे टिकत नाहीत, हे मांडणी ठरवतानाच लक्षात घ्या. पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. तो पानात उन्हाळाभर असतोच, हिरवं क्लोरोफिल ओसरलं की दिसायला लागतो. मेपलसारख्या झाडांचा लाल रंग मात्र अँथोसायनिन या दुसऱ्या रंगद्रव्याचा, आणि ते बहुतेक शेवटच्या काही आठवड्यांत पानातल्या साखरेपासून बनतं. म्हणूनच दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण कडाक्याचं दहिवर नव्हे) असलेल्या वर्षी लाल जास्त खुलतं. हा लाल उजेडात उडतो. खिडकीसमोर टांगलेली माझी एक चौकट वसंत येईपर्यंत चहाच्या रंगाची झाली होती. ओकचा तपकिरी टॅनिनचा, तो कुठे जात नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, मेपलच्या पानांचे गुलाब. यासाठी पान मऊच हवं, म्हणजे पडल्याच्या दिवशीच बसायचं. पान आडवं दुमडा, टोक देठाकडे आलं पाहिजे आणि चकचकीत बाजू बाहेर. मग एका कडेकडून घट्ट गुंडाळा, ही झाली कळी. दुसरं पान तसंच दुमडून कळीभोवती लपेटा, कड किंचित बाहेर वळवा. आतली पानं लहान, बाहेरची मोठी, आठ-दहा पानांत भरगच्च फूल होतं. खाली देठांची जुडी दोऱ्याने करकचून बांधा. सुकताना पानं आकसतात आणि दोरा सैल पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. सुकलेले गुलाब हलक्या हाताने वितळलेल्या मेणात बुडवून काढले तर आकार धरून राहतात. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे गरम पाण्यावर भांडं ठेवलं की पुरे. मेण थेट आचेवर ठेवू नका, पेट घेतं.

तोरण, गोल चक्र वगैरे तुम्ही कराल तसं. एवढंच सांगतो की सगळी पानं एकाच दिशेला झुकू द्या आणि रंग मिसळण्याऐवजी क्रमाने लावून पाहा. अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराने 1987 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये रोवन नावाच्या झाडाची पानं पिवळ्यापासून लालपर्यंत एका काळ्या खड्ड्याभोवती रचली होती. साहित्य म्हणाल तर फक्त पानं. काचेच्या बरणीवर पानं चिकटवून दिवा करणार असाल तर आत बॅटरीचा दिवा ठेवा, ज्योत नको.

उत्तर अमेरिकेत असाल तर एक सावधगिरी. झाडावर चढलेल्या वेलीची तीन-तीनच्या गटातली भडक लाल पानं मोहात पाडतात, पण ती पॉयझन आयव्हीची असू शकतात. त्यातल्या तेलाने अंगावर फोड येतात आणि पान वाळलं तरी तेल जात नाही. जाळूही नका, धूर आणखी वाईट.

आणि तुमच्याकडची झाडं अजून हिरवी असतील, त्यातलं एखादं तुमच्या मालकीचं असेल, तर आजच बीचची किंवा ओकची एक फांदी कापा, बुडखा ठेचा आणि त्याच ग्लिसरीनच्या पाण्यात उभी करा. तिचं दार अजून उघडं आहे. दोन-तीन आठवड्यांत पानं तांबूस-तपकिरी आणि लवचिक होतील, आणि गुलाबांच्या मागे लावायला तुम्हाला तयार हिरवळ, म्हणजे तपकिरवळ, मिळेल.