यीस्टला पोटॅशियम देऊनही ऑक्सिजनचा खप वाढत नसेल, तर आधी माध्यम तपासा

पोटॅशियमविरहित वायएनबीत (यीस्ट नायट्रोजन बेस, म्हणजे यीस्ट वाढवायचं तयार माध्यम) ठेवलेल्या बेकर्स यीस्टला ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड दिलं तरी श्वसनाचा वेग हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ऑक्सिजन इलेक्ट्रोडला दोष देण्याआधी माध्यमाच्या डब्यावरचे घटक वाचा.

‘अमिनो आम्लं आणि अमोनियम सल्फेट वगळून’ असलेला डबा पोटॅशियमविरहित नसतो. त्यात लिटरमागे १ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे ७.३ मिलिमोलर पोटॅशियम असतं. ट्रक१ हा पेशीपटलातला पोटॅशियम-वाहक मायक्रोमोलर पातळीवरूनही ते ओढून घेतो, मग पेशी उपाशी राहणार कशा? पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला विचारलं की ‘चालेल’ एवढंच उत्तर येऊ शकतं. घटकांची यादी लेखी मागा.

त्या फॉस्फेटऐवजी ०.८५ ग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट घ्या. पीएच कॉस्टिक पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) जुळवू नका, आणि पीएच मीटरची कांडी थेट फ्लास्कमध्ये बुडवू नका: तिच्यात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असतं आणि ते झिरपतं. थोडा नमुना वेगळा काढून मोजा आणि फेकून द्या. पोटॅशियमची उपासमार चार-सहा तास पुरे. रात्रभर ठेवलंत तर पोटॅशियमअभावी अमोनियमच आत शिरून पेशींना विषारी ठरू शकतं.

बरेच जण परिणामाचं श्रेय पायरुव्हेट कायनेजला देतात. त्या एन्झाइमला पोटॅशियम लागतं हे खरं, पण उपाशी पेशीतही पोटॅशियम बऱ्यापैकी शिल्लक असतं. माझ्या मते काही मिनिटांत दिसणारा बदल पीएमए१ पंपाचा. हा पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकतो, पेशीपटलाआतला ऋण विद्युतभार वाढतो आणि पंप अडतो. पोटॅशियम आत आलं की तो ताण सुटतो, पंप जोरात चालतो, एडीपी (एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) वाढतो आणि त्यामागोमाग ग्लायकोलिसिस (ग्लुकोजचं विघटन) व श्वसनही वाढतं.

मापनासाठी २ मिलिमोलर मेस-ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६. ग्लुकोज देऊन वेग स्थिरावू द्या, मगच १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड टाका. तुलनेला सोडियम क्लोराइडपेक्षा कोलीन क्लोराइड बरं, कारण उपाशी पेशी सोडियमही थोडं आत घेतात.

एक मात्र आहे: २ टक्के ग्लुकोजवर वाढवलेल्या पेशींचं श्वसन मुळातच दबलेलं असतं. ग्लिसरॉलवर वाढवून पाहा. यीस्टच्या वाणानुसार (स्ट्रेननुसार) फरक पडेल, पण ऑक्सिजनची रेषा सपाट राहिली तरी द्रावण भराभर आम्ल होत असेल, तर पंप चालू आहे असं समजा.