कृष्णवर्णीय शास्त्रीय संगीतकार अन्यायाविरुद्ध कधी बोलले का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात जॅझ, ब्लूज, रॅप यांची नावं सतत येतात, मग त्यांच्यातले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गाणारे-वाजवणारे गप्पच बसले का?

मुळीच नाही. पण त्यांचं म्हणणं ऐकायला जरा जवळ जावं लागतं, कारण ते बऱ्याचदा संगीताच्या घडणीतच दडलेलं असतं. एखादा सूर उतरवलेला असतो, कार्यक्रमातल्या गाण्यांचा क्रम बोलत असतो, पाचशे वर्षांपूर्वीची चाल भलत्याच ठिकाणी येऊन बसलेली असते. आपल्याकडे ब्लॅक पँथर आणि कृष्णवर्णीयांचं साहित्य १९७२ च्या दलित पँथरमुळे घरोघरी माहीत झालं, हे संगीत मात्र तितकं पोहोचलं नाही. मी वसईची, आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची बाजू गाते, तेव्हा माझं उत्तर गाणाऱ्यांकडे जास्त झुकणार.

आधी एक अगदी छोटं उदाहरण घेते. २५ मे २०२० ला मिनीॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. दोनच दिवसांनी अँथनी मॅकगिलने एक व्हिडिओ टाकला. मॅकगिल हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा प्रमुख क्लॅरिनेटवादक, आणि त्या वाद्यवृंदात प्रमुख वादकाच्या खुर्चीवर बसलेला पहिला आफ्रिकन-अमेरिकन. त्याने 'अमेरिका द ब्यूटिफुल' हे तिथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असलेलं देशगीत वाजवलं, पण मेजरमधलं गाणं मायनरमध्ये नेऊन. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार लावला. चाल ओळखू येते आणि तरी ती आपली राहत नाही. वादन संपल्यावर तो दोन्ही गुडघ्यांवर बसतो, क्लॅरिनेट पाठीमागे धरतो, मान खाली घालतो. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारा कॉलिन केपर्निक हा कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी एक गुडघा टेकून बसला होता. मॅकगिलने दोन टेकले आणि इतर वादकांनाही तसं करायला बोलावलं. दोन मिनिटांचंही काम नाही हे. पण देशभक्तीच्या गाण्यातला एक सूर खाली उतरवून त्याने जे केलं, ते मला कित्येक लेखांपेक्षा नेमकं वाटतं.

आता मागे जाऊ, कारण मॅरियन अँडरसनशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. ती कॉन्ट्राल्टो होती, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातली सर्वांत खालची पट्टी. १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये मोठ्या मैफलींसाठीचं सभागृह म्हणजे कॉन्स्टिट्यूशन हॉल, आणि ते 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या महिलांच्या संस्थेच्या मालकीचं. कलाकार गोरेच हवेत, अशी त्यांच्या करारातच अट. अँडरसन तोवर युरोप गाजवून आली होती, तरी तिला सभागृह नाकारलं. शहरातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेचं सभागृह मागितलं, तिथेही आडकाठी. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला, बोभाटा झाला आणि अखेर ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर तिचं गाणं ठरलं. उघड्यावर, थंडीत, अंगावर फरचा कोट घालून ती गायली. समोर सुमारे ७५,००० माणसं, काळी-गोरी शेजारी शेजारी उभी, आणि रेडिओवर लाखो.

ती काय गायली ते बघा. आधी 'माय कंट्री, टिस ऑफ दी' हे देशगीत. मग दोनिझेत्ती या संगीतकाराच्या ऑपेरातली इटालियन आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं. मग शूबर्टचं 'आवे मारिया'. शेवटी स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामीत जगलेल्या तिच्या पूर्वजांची भक्तिगीतं. परभाषेतल्या रचना आधी आणि स्पिरिच्युअल्स शेवटी, हा क्रम तिच्या मैफलींत नेहमीचाच होता. पण त्या पायऱ्यांवर त्याच क्रमाला धार आली: हा देश माझा, ही कला माझी, आणि ही माझी माणसं. निषेधाचं भाषण तिने केलं नाही. मुळात स्वभावाने ती भिडस्त होती. आपण नको असताना एक प्रतीक झालो आहोत, हे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे.

'आवे मारिया' आमच्याकडे लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हमखास गातात. ज्यांनी ते गायलंय त्यांना ठाऊक आहे की त्यातली लांब ओळ संथ लयीत पेलायला दम लागतो. जीव घाबरा असेल तर तो पहिल्या ओळीतच फुटतो. तसल्या गर्दीसमोर, त्या दिवशी, त्या दडपणाखाली तिने ते गायलं. याला धैर्य म्हणायचं की रियाज, मला ठरवता येत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने मात्र तिला रंगमंचावर घ्यायला ७ जानेवारी १९५५ उजाडू दिला. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती, आवाजाचा भर ओसरलेला. त्या ऑपेरा हाउसमध्ये एकल भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय गायिका. मान मिळाला खरा, पण तरुणपणीच्या त्या आवाजातल्या भूमिका जगाला ऐकायला मिळाल्या नाहीत, याचा मला आजही राग येतो. १९५७ साली ती भारतातही येऊन गेली.

पायऱ्यांवरच्या त्या मैफलीत एका स्पिरिच्युअलची मांडणी फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रीची होती. १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाने हिची सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची रचना अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. तिची शिष्या मार्गारेट बाँड्स. तिने १९६४ मध्ये 'मॉन्टगोमेरी व्हेरिएशन्स' लिहिलं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केलं. 'आय वाँट जीझस टु वॉक विथ मी' हे एकच स्पिरिच्युअल घेऊन त्याची सात रूपं. त्यांतून गोष्ट उलगडते ती अशी: अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय लोक वंशभेद पाळणाऱ्या बसवर बहिष्कार टाकायचा निर्णय घेतात, प्रार्थनेला जमतात, पायी चालू लागतात. मग दक्षिणेतला एक रविवार येतो, ज्या दिवशी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या (१५ सप्टेंबर १९६३). त्यानंतर विलाप आणि शेवटी आशीर्वचन. येशूने माझ्यासोबत चालावं अशी विनवणी करणारी चाल बाँड्स खरोखरच्या मोर्च्यात चालायला लावते. ही रचना कित्येक वर्षं धूळ खात पडली होती. आता कुठे वाद्यवृंद ती हातात घेऊ लागलेत.

पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायक-नटाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९५० मध्ये सरकारने पासपोर्ट काढून घेतला, तर १९५२ मध्ये तो कॅनडाच्या हद्दीला लागून उभ्या केलेल्या ट्रकवरून पलीकडच्या हजारो लोकांसाठी गायला. त्याच्या 'ओल्ड मॅन रिव्हर' या गाण्यावरून भूपेन हजारिकांना 'गंगा बहती हो क्यूँ'ची कल्पना सुचली, एवढा धागा आपल्यापर्यंत येतो.

आजच्या रचनांपैकी मला सर्वांत अस्वस्थ करते ती जोएल थॉम्पसनची 'सेव्हन लास्ट वर्ड्स ऑफ द अनआर्म्ड'. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराने येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर रचना केली होती. गुड फ्रायडेला आमच्याकडे त्या उद्गारांवर मनन होतं. थॉम्पसनने तोच सातांचा साचा घेतला आणि त्यात पोलिसांच्या किंवा स्वयंघोषित रखवालदाराच्या हातून मेलेल्या सात निःशस्त्र कृष्णवर्णीय पुरुषांचे शेवटचे शब्द ठेवले. क्वायरसाठीची रचना आहे ही. त्याने ती मुळात स्वतःच्या मनातली घालमेल कागदावर उतरवायची म्हणून लिहिली. २०१५ मध्ये यूजीन रॉजर्स यांनी मिशिगन विद्यापीठाच्या ग्ली क्लब या पुरुषांच्या क्वायरकडून ती पहिल्यांदा गाऊन घेतली.

यात 'लोम आर्मे' ही पंधराव्या शतकातली फ्रेंच चाल येते. हत्यारबंद माणसाला भ्यायला हवं, असं त्या गाण्यात म्हटलंय. त्या काळातल्या कित्येक संगीतकारांनी तिच्यावर मिस्सा रचल्या. इथे ती येते केनेथ चेंबरलेन या वृद्ध माजी सैनिकापाशी: त्याच्या गळ्यातलं वैद्यकीय मदतीचं यंत्र चुकून वाजलं, पोलिस दारात आले, आणि तुम्ही बंदुका का काढल्यात, असं तो विचारत होता. मग अमादू दियालो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी त्याच्यावर ४१ गोळ्या झाडल्या. थॉम्पसनने घेतलेले शब्द त्याने आईला फोनवर सांगितलेले, मी कॉलेजात जाणार म्हणून. आणि शेवटी, पोलिसाने गळा आवळलेला असताना एरिक गार्नर म्हणत राहिला ते 'आय कान्ट ब्रीद'.

क्वायरमध्ये पहिल्या दिवसापासून आम्हाला एकच गोष्ट घोकायला लावतात: श्वास. कुठे घ्यायचा, किती साठवायचा, शेजारणीने घेतला की आपण कधी घ्यायचा. पोटातून भरभरून श्वास घेऊन, आधार देऊन, 'मला श्वास घेता येत नाही' हे शब्द सुरात गायचे, याची मला कल्पनाच करवत नाही. ऐकणाऱ्याला कदाचित हे लक्षात येणार नाही, पण गाणाऱ्याच्या अंगात ते शिरल्याशिवाय राहत नसणार. थॉम्पसन स्वतः क्वायर शिकवणारा, त्याला हे नक्की ठाऊक होतं.

कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरातला प्रसंगही सांगायलाच हवा. एलायजा मॅक्लेन हा तेवीस वर्षांचा मुलगा २०१९ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी अडवल्यानंतर जीवानिशी गेला. तो व्हायोलिन वाजवायचा, प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या मांजरांना ऐकवायचा. २७ जून २०२० ला व्हायोलिनवादक त्याच्या आठवणीत बागेत जमले. दंगलविरोधी पोशाखातले पोलिस पुढे आले, पेपर स्प्रे मारला, आणि वादक वाजवतच राहिले. त्या संध्याकाळची चित्रफीत बघताना हेल्मेट-ढालींच्या रांगेमागून सुरावट ऐकू येते. पुढे २०२३ मध्ये त्या प्रकरणात एक पोलिस आणि दोन पॅरामेडिक, म्हणजे तातडीची वैद्यकीय मदत देणारे कर्मचारी, दोषी ठरले. ते व्हायोलिनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. कुटुंबाचा आणि शहरातल्या लोकांचा रेटा होता.

आणि घरातला, म्हणजे खुद्द वाद्यवृंदांतला अन्याय? तोही आहेच. १९६९ मध्ये आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध भेदभावाची तक्रार केली. मानवी हक्क आयोगाने कायम नेमणुकांच्या बाबतीत ती मान्य केली नाही, पण बदली वादक घेताना भेदभाव होतो हे मान्य केलं. २०१४ मध्येही अमेरिकन वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादक २ टक्क्यांहून कमी होते. मॅकगिल ज्या खुर्चीत बसतो तिच्याकडे हा आकडा डोक्यात ठेवून बघा.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर मॅकगिलपासून करा, मग अँडरसनची स्पिरिच्युअल्स, मग बाँड्स. थॉम्पसन शेवटी ठेवा. रचना पंधरा-एक मिनिटांचीच आहे, पण ऐकताना शब्द समोर ठेवा आणि प्रत्येक नावाखाली काय घडलं ते आधी वाचून घ्या.