वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप चोरीला गेला तर…

प्रश्न : नाशिकच्या शरणपूर रोडला आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे. दोन लॅपटॉपवर अशिलांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट असे सगळे असते. दोन्हींना पासवर्ड आहे. एखादा चोरीला गेला तर माहिती सुरक्षित राहील का?

उत्तर : नुसत्या पासवर्डने नाही राहणार. पासवर्ड विचारते ते विंडोज. डिस्कवरच्या फायली त्याने झाकल्या जात नाहीत. मागचे स्क्रू काढून एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) बाहेर काढली आणि काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकाला जोडली, की सगळे फोल्डर पासवर्डशिवाय उघडतात. बायॉसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड लावला तरी फारसा फरक पडत नाही, कारण डिस्क तोवर दुसऱ्या यंत्रात गेलेली असते. डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे, हाच खरा उपाय आहे. ज्यांच्याकडे लोकांनी विश्वासाने कागदपत्रे दिली आहेत, त्यांनी यात चालढकल करू नये असे आमचे ठाम मत आहे.

‘सेटिंग्ज – सिस्टिम – अबाउट’मध्ये विंडोजची आवृत्ती पाहा. ‘प्रो’ असेल तर बिटलॉकर ही विंडोजची एन्क्रिप्शनची सोय मिळते. ‘होम’ असेल तर विंडोज ११मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. तो पर्याय दिसतच नसेल तर बायॉसमध्ये टीपीएम (किल्ली जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना परके सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद आहेत का ते तपासा. यंत्र जुने असल्यामुळे तेही जमत नसेल, तर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरून निदान अशिलांचे फोल्डर तरी कुलूपबंद करा.

एन्क्रिप्शन चालू केल्यावर ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसते. त्या कुलपासोबत पिवळा त्रिकोण असेल तर काम अर्धवट आहे: डिस्क एन्क्रिप्ट झाली आहे, पण तिची किल्लीही तिथेच उघडी पडली आहे. होम आवृत्तीत लोकल अकाउंट (फक्त त्या लॅपटॉपपुरते खाते) वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे घडते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केल्यावर संरक्षण पूर्ण होते.

आता ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडण्याची राखीव किल्ली. मदरबोर्ड बदलला, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली, कधी बायॉस अपडेट झाले, की लॅपटॉप सुरू होतानाच ही की मागतो. ती नसेल तर डिस्क कुणालाच उघडता येत नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही. म्हणून की कागदावर छापून एक प्रत कार्यालयाच्या तिजोरीत आणि एक घरी ठेवा; लॅपटॉपच्या बॅगेत कधीही नको. बायॉस अपडेट करण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ (तात्पुरते स्थगित) करा. दुरुस्तीला देताना बॅकअप घ्या आणि की हाताशी आहे याची खात्री करून घ्या.

छोट्या कार्यालयांत एक घोटाळा फार होतो. लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगा किंवा तेव्हाचा कर्मचारी स्वतःच्या ई-मेलने सेटअप करून देतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने सेटअप करून मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडले की एन्क्रिप्शन बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होते आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. कर्मचारी नोकरी सोडून गेला की कीसुद्धा त्याच्याबरोबर गेली. दोन्ही लॅपटॉपवर कोणाचे अकाउंट आहे ते आधी पाहा.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप बहुधा झोपलेला असतो, बंद नसतो. डिस्कची किल्ली तेव्हाही त्याच्या मेमरीत असते. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद) व्हावे असे ठरवा. टेबलावरून उठताना विंडोज आणि एल ही बटणे एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची सवय लावा.

आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन! ते यूएसबीला तसेच लटकत असते आणि पिन चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. लॅपटॉपबरोबर अशिलाची सहीच चोराच्या हाती जाते. टोकन वापरून झाले की काढून कपाटात ठेवा. चोरीला गेलेच तर ज्या संस्थेने प्रमाणपत्र दिले तिला कळवून ते लगेच रद्द करून घ्या.

प्रश्न : अंबडहून कंपनीच्या कामासाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला आणि एसटीने पुण्याला जाणे असते. प्रवासात केबल लॉक वापरावे का?

उत्तर : केबल लॉक, म्हणजे लॅपटॉप टेबलाला बांधायची कुलूप असलेली तार, अभ्यासिका, कार्यालय, प्रदर्शनाचा स्टॉल अशा एका जागी बसायच्या ठिकाणी कामाचे. कटरपुढे ते टिकत नाही. उचलून चालू लागणाऱ्याला मात्र थांबवते. घेण्याआधी लॅपटॉपच्या कडेला खाच आहे का ते पाहा. जुनी प्रचलित खाच साधारण ७ बाय ३ मिलिमीटरची असते. बारीक लॅपटॉपना त्याहून लहान खाच असते किंवा मुळीच नसते, आणि एका खाचेचे कुलूप दुसरीत बसत नाही. केबल टेबलाच्या पायाला नुसती अडकवली तर टेबल जरा उचलताच ती निघून येते. आडव्या दांडीभोवती गुंडाळा.

रेल्वेत बॅग डोक्यावरच्या रॅकवर न ठेवता पायांमध्ये ठेवा आणि पट्टा पायात अडकवा. ठक्कर बाजार किंवा महामार्ग स्थानकावर जागा धरायला खिडकीतून रुमाल टाका, बॅग नको. तुम्ही दारातून आत पोहोचेपर्यंत ती दुसऱ्या खिडकीतून गेलेली असू शकते. गाडीने जात असाल तर लॅपटॉप घरूनच डिकीत ठेवून निघा. पार्किंगमध्ये उतरून डिकी उघडली की बघणाऱ्याला माल कुठे आहे ते कळते. २०२७च्या सिंहस्थाची गर्दी असेल तेव्हा ही काळजी दुप्पट घ्या.

प्रश्न : मी गंगापूर रोडला वसतिगृहात राहतो. मोबाइलसारखा लॅपटॉपही आयएमईआयवरून शोधता येतो का?

उत्तर : नाही. सिमकार्डाची सोय नसलेल्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो, आणि हरवलेले फोन बंद करण्याची सरकारची सीईआयआर ही सोय मोबाइलसाठी आहे. विंडोजमध्ये ‘फाइंड माय डिव्हाइस’ आजच चालू करा. पण लॅपटॉप सुरू असेल आणि इंटरनेटला जोडला असेल तरच त्याचा ठावठिकाणा कळतो, आणि चोराने फॉरमॅट मारला की संपले. मॅकमध्ये ‘फाइंड माय’ चालू असेल तर नव्या मॉडेलना अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागतो, तो फॉरमॅटनंतरही टिकतो. ठिकाण दिसले तरी स्वतः तिथे जाऊ नका, पोलिसांना सांगा. तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर घासून जाण्याआधी त्याचा आणि बिलाचा फोटो स्वतःलाच ई-मेल करून ठेवा.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. चोरी झालीच तर आधी काय करायचे?

उत्तर : हातातल्या मोबाइलवरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच ई-मेलवरून नवे करता येतात. मग सर्व उपकरणांवरून साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो लॅपटॉप काढा. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

त्यानंतर पोलिस ठाणे. ‘गहाळ झाला’ असा अर्ज देऊन परतू नका. चोरी झाली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३खाली गुन्हा नोंदवायला सांगा. विम्याच्या दाव्यालाही एफआयआर लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडला तरी तक्रार देता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. धावत्या रेल्वेत चोरी झाली तर १३९ या रेल्वे हेल्पलाइनला कळवा. गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो.

प्रश्न : बॅकअप क्लाउडवर ठेवू की हार्ड डिस्कवर?

उत्तर : दोन्हीकडे. २०० जीबी माहिती २० एमबीपीएस अपलोडने चढवायला सलग २२ तासांच्या वर लागतात, त्यामुळे पहिली पूर्ण प्रत डिस्कवर घ्या आणि रोजच्या कामाचे फोल्डर क्लाउडवर ठेवा. डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवली तर दोन्ही एकदम जातील. ती घरी ठेवा आणि एन्क्रिप्टही करा. बिटलॉकरने यूएसबी डिस्क कुलूपबंद करायला प्रो आवृत्ती लागते. उघडायला मात्र होम चालते. क्लाउडवर नुसते सिंक (लॅपटॉपवरचा प्रत्येक बदल तिथेही होणे) असेल तर लॅपटॉपवरून खोडलेली फाइल तिथूनही जाते, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते पाहून घ्या. दर तीन महिन्यांनी डिस्कवरची एखादी मोठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.