दिघ्यात शेजारचा सातवीतला मुलगा साध्या वजाबाकीत अडतो. आई ऐरोलीत घरकामाला जाते, शिकवणी परवडत नाही. मी काय करू?

सातवीचं पुस्तक तूर्त मिटून ठेवा. 52 मधून 27 वजा करायला सांगा. उत्तर 35 आलं, तर तो नुसता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. दशक सुटं करणं त्याला कुणी नीट दाखवलेलंच नाही. दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या, 27 रुपये मागा. नोट मोडावीच लागते. ती त्यालाच मोडू द्या, मग तेच वहीत.

वाचनही जिथे अडतं तिथून, मग दुसरीचं पुस्तक का असेना. 'प्रथम' संस्था असंच करते: इयत्ता नाही, पातळी बघून गट. रोज अर्धा तास, पण रोज. घरात टीव्ही चालू असेल तर सरळ तुमच्याकडे बसवा. आणि चारचौघांत 'ढ' म्हणू नका, प्लीज.

शाळा पालिकेची किंवा अनुदानित असेल तर आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा लक्षात ठेवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50). निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. अर्ज शाळेमार्फतच जातो, मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा.