आधी सीजी (वजनाचा मध्य) १८८ मिमीवरून १५० वर आणा, गायरोचं नंतर बघू

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. ११०० मिमी स्पॅनची फोमची फ्लाइंग विंग, मुळाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) ३०० मिमी, टोकाशी १८०, टोकाची पुढची कड नाकापेक्षा २५० मिमी मागे. वजन ७०० ग्रॅम, त्यातली बॅटरी १८०, मोटर मागे. हातातून सोडली की नाक वर काढते, क्षणभर लटकते आणि एका टोकावर कोसळते. तीन वेळा झालं. सीजी एमएसीच्या (पंखाच्या सरासरी कॉर्डच्या) ३० टक्क्यांवर मोजून ठेवलाय आणि त्याच नियमावर तुमचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं शेपटीवालं विमान, छान उडतं. मित्राचं म्हणणं, बी-२ बॉम्बरसुद्धा कॉम्प्युटरशिवाय उडत नाही, तेव्हा गायरो (विमानाचं डोलणं ओळखून आपोआप दुरुस्ती करणारं उपकरण) लाव.

मित्राचं बी-२ बद्दलचं खरं आहे, तुमच्या विंगबद्दलचं नाही. गायरोचे पैसे अजून खिशातच राहू द्या.

आकडे मांडून बघू. तुमच्या मापांवरून एमएसी येते २४५ मिमी. ती मध्यरेषेपासून २५२ मिमीवर पडते आणि तिथे पंखाची पुढची कड नाकापेक्षा ११५ मिमी मागे असते. त्यात एमएसीचे ३० टक्के मिळवले की १८८. म्हणजे तुम्ही मोजलंत बरोबर, चुकलाय तो नियम. नुसत्या पंखाचा न्यूट्रल पॉइंट, म्हणजे नाक वर-खाली झाल्यावर बदललेली लिफ्ट (पंखाची उचल) जिथे लागते तो बिंदू, साधारण एमएसीच्या २५ टक्क्यांवर असतो, म्हणजे तुमच्या विंगला नाकापासून १७६ मिमीवर. तुमचा सीजी त्याच्याही १२ मिमी मागे आहे.

बैलगाडी भरताना ओझं आसाच्या मागे जास्त पडलं तर गाडी उलाळ होते. बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं आणि चढ लागला की सगळंच मागे कलंडतं. तुमची विंग उलाळ आहे. वाऱ्याच्या झुळकेने नाक जरा वर गेलं की जास्तीची लिफ्ट न्यूट्रल पॉइंटवर लागते. वजनाचा मध्य त्याच्या पुढे असेल तर ही लिफ्ट मागची बाजू उचलते आणि नाक आपोआप खाली येतं. मध्य मागे असेल तर तीच लिफ्ट नाकाला आणखी वर ढकलते, त्यामुळे लिफ्ट आणखी वाढते, आणि सेकंदाच्या आत स्टॉल, म्हणजे पंखाची लिफ्टच कोसळते. स्टिकवर कितीही चपळ असलात तरी हातलाँचच्या त्या दोन सेकंदांत तुम्हाला ते सावरता येणार नाही. मलाही आलं नव्हतं. माझी पहिली विंग मी एका सकाळीच पाच वेळा चिकटवली होती, आणि शेवटी तिच्यात फोमपेक्षा ग्लू जास्त होता.

मग ट्रेनर ३० टक्क्यांवर कसं उडतं? कारण त्याला शेपटी आहे. मागे दूरवर असलेला तो छोटा पंखही झुळकेला प्रतिसाद देतो, त्यामुळे अख्ख्या विमानाचा न्यूट्रल पॉइंट बराच मागे सरकतो. ३० टक्के तिथे न्यूट्रल पॉइंटच्या आरामात पुढे असतात. शेपटी काढलीत की ती सूट गेली. बिनशेपटीच्या विमानात सीजीला चालणारी जागा फार अरुंद असते. पहिल्या उड्डाणाला मी सीजी न्यूट्रल पॉइंटच्या पुढे एमएसीच्या १० टक्के ठेवतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १७६ वजा २५, साधारण १५० मिमी. पुढे हात बसला की ५ टक्क्यांपर्यंत मागे आणता येईल, म्हणजे १६४ पर्यंत. सगळा खेळ १४ मिमीचा आहे! पट्टीने मोजा, बोटाच्या अंदाजाने नको.

सीजी १८८ वरून १५० ला आणायचा तर बॅटरी सुमारे १४० ते १५० मिमी पुढे सरकवावी लागेल. तुम्ही ती आत्ता नाकापासून १३० मिमीवर ठेवली आहे म्हणता, म्हणजे तिचा मध्य नाकाच्याही पुढे जातो. मागे मोटर असलेल्या जवळजवळ प्रत्येक विंगला हा त्रास होतो. पुढे फोमची एक छोटी पेटी चिकटवून तिला नाक काढा. शिशाचे तुकडे लावण्यापेक्षा हे बरं, कारण विंगवर वाढलेला प्रत्येक ग्रॅम लाँचच्या वेळी वेग मागतो.

आता सीजी पुढे आला की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि बिनशेपटीच्या विमानांची खरी गोम तिथेच आहे. सीजी पुढे म्हणजे लिफ्ट सतत नाक खाली दाबणार. मग नाक वर धरून कोण ठेवणार? नेहमीच्या विमानात शेपटी खाली दाबून ते काम करते. इथे ते पंखालाच करावं लागतं. एक उपाय रिफ्लेक्सचा, म्हणजे पंखाचा छेदच असा घ्यायचा की मागची कड किंचित वर वळलेली असेल. दुसरा उपाय पंख मागे झुकवून टोकांना पीळ द्यायचा, म्हणजे टोकं मुळापेक्षा कमी कोनात बसवायची. झुकलेल्या पंखाची टोकं सीजीच्या मागे असतात, त्यामुळे तीच शेपटीचं काम करतात.

हा दुसरा उपाय आजचा नाही. इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. डन यांनी तो डी-५ या दुपंखी विमानात वापरला. डिसेंबर १९१० मध्ये ऑर्व्हिल राइट यांच्यासमोर उडताना त्यांनी हात सोडून कागदावर नोंदी लिहून दाखवल्या. कॉम्प्युटर नाही, गायरो नाही. तेव्हा ‘बिनशेपटीचं विमान मुळातच अस्थिर असतं’ हे जे ठोकून सांगितलं जातं ते तुम्ही मनातून काढून टाका. ते स्थिर करता येतं, फक्त त्याची किंमत पंखालाच मोजावी लागते.

तुमचा छेद खालून सपाट आहे. तसा छेद स्वतःहूनच नाक खाली पाडतो. शिवाय तुम्ही वॉशआउट, म्हणजे टोकांचा तो पीळ, दिलेला नाही. गरम हवा मारून फोमला पीळ देता आला तर टोकाला दोन-तीन अंश द्या, दोन्हीकडे अगदी सारखा. नाही जमलं तर दोन्ही एलिव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) ३ मिमी वर ठेवून सुरुवात करा. तोच तुमचा रिफ्लेक्स. वॉशआउटचा आणखी एक फायदा असा की झुकलेल्या पंखात टोकं आधी स्टॉल होण्याची खोड असते. टोकं सीजीच्या मागे असल्यामुळे ती लिफ्ट गेली की नाक आणखी वर उडतं. तुमची विंग ‘एका टोकावर’ कोसळते त्यात याचाही हात आहे.

एलिव्हॉनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दार कडीजवळ ढकललं तर बोटाने उघडतं, बिजागरीजवळ ढकललं तर खांदा लावावा लागतो. ट्रेनरची शेपटी सीजीपासून लांब असते, तुमचे एलिव्हॉन बिजागरीजवळ आहेत. नाक वर करायला त्यांना पंखाच्या मागच्या कडेवर बराच जोर खाली लावावा लागतो आणि तेवढी लिफ्ट तुमची तुम्हीच मारता. म्हणून स्टिक ओढली की विंग आधी किंचित खचते, मग वर जाते. लाँचच्या वेळी घाबरून स्टिक ओढाल तर ती जमिनीकडेच जाईल. फ्लॅपही (लिफ्ट वाढवायला मागच्या कडेवर खाली वळणाऱ्या पट्ट्या) याच कारणासाठी चालत नाहीत. फ्लॅप खाली केले की नाक खाली जातं आणि ते सावरायला मागे कोणी नाही.

मागे लांब शेपटी नसल्यामुळे पिचमधली (नाकाची वर-खाली) डोलणीही लवकर जिरत नाही. याचं भयंकर टोक म्हणजे ब्रिटिशांचं बिनशेपटीचं जेट डीएच-१०८. २७ सप्टेंबर १९४६ ला जेफ्री डी हॅविलँड ज्युनियर थेम्सच्या मुखावर ते वेगात नेत असताना हेलकावे सुरू झाले, विमान हवेतच फुटलं आणि ते गेले. या विमानाची तीनही प्रोटोटाइप अपघातांतच संपली. तिथे ध्वनीच्या वेगाजवळची हवा हा वेगळाच शत्रू होता, तुमच्या फोमला त्याची धास्ती नाही. पण ‘विमान नाचतंय, मी स्टिकने त्याच्यामागे धावतोय, त्यामुळे ते आणखी नाचतंय’ हा प्रकार लहान विंगवरही रोज होतो. म्हणून एलिव्हॉनची हालचाल वर-खाली ७-८ मिमीपेक्षा जास्त नको, आणि एक्स्पो (स्टिकची मधली हालचाल मवाळ करणारी रिमोटची सेटिंग) ३० टक्के.

हे सगळं केल्यावर मोटर बंद ठेवून गवतावर ग्लाइड करून बघा. नाक क्षितिजाच्या जरा खाली, सरळ आणि दमदार फेक. उंच फेकू नका. ग्लाइड जमलं की मोटर लावून पुरेशा उंचीवर जा, हलका सूर मारायला लावा आणि स्टिक सोडून द्या. सावकाश सरळ झाली तर सीजी ठीक. झटक्याने वर आली तर नाक जड, बॅटरी ३ मिमी मागे घ्या. सूर आणखी खोल होत गेला तर अजून उलाळ आहे, ताबडतोब उतरवा.

यॉबद्दल (नाक डावी-उजवीकडे वळण्याबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्राने बी-२ काढलंच आहे तर सांगतो. पंख मागे झुकलेले असले की यॉमध्ये थोडी स्थिरता मिळते, पण ती कमजोर असते. नॉर्थ्रपचं एक्सबी-३५ हे १९४६ साली उडालेलं अवाढव्य फ्लाइंग विंग मागच्या प्रोपेलरांवर चालायचं. ते प्रोपेलर आणि त्यांच्या दांड्यांची आवरणं नकळत उभ्या शेपटीचं काम करत होती. त्याचंच जेट रूप वायबी-४९ बनवताना प्रोपेलर गेले, मग ती कमतरता भरायला चार फिन (उभे पडदे) लावावे लागले. तरीही नाक डावी-उजवीकडे डोलायचं आणि त्यामुळे बॉम्बचा नेम नीट बसत नव्हता. ५ जून १९४८ ला यातलं एक विमान पाचही जणांसह कोसळलं. त्यातले कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचंच नाव पुढे मुरॉकच्या हवाई तळाला दिलं गेलं.

बी-२ चा स्पॅन वायबी-४९ इतकाच, १७२ फूट. फिन मात्र एकही नाही. टोकांशी दुभंगणारे ड्रॅग रडर आहेत. डावीकडचे उघडले की डावीकडे रोध वाढतो आणि नाक डावीकडे वळतं. असेच रोध वापरणारे रडर जर्मनीत होर्टेन बंधूंनी आधीच वापरले होते. फरक पडला तो चौपदरी फ्लाय-बाय-वायरने, म्हणजे कॉम्प्युटरमार्फत होणाऱ्या नियंत्रणाने. कॉम्प्युटर सतत छोट्या दुरुस्त्या करतो म्हणून ते नेम धरू शकतं. आपल्याकडे डीआरडीओच्या मानवरहित फ्लाइंग विंग प्रात्यक्षिकाचा प्रवासही टप्प्याटप्प्याचा होता. चित्रदुर्गजवळ पहिलं उड्डाण जुलै २०२२ मध्ये झालं, आणि मधल्या वेगवेगळ्या रचनांच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये अंतिम, पूर्ण बिनशेपटीच्या रूपात ते उडालं. तेव्हा टोकांना फिन लावायची लाज वाटू देऊ नका. तुमच्या विंगला १२० मिमी उंचीचे साधे कोरोचे (पोकळ नळ्यांच्या प्लास्टिक शीटचे) फिन पुरे.

आता गायरो. तो फक्त एलिव्हॉन हलवतो, सीजी हलवत नाही. उलाळ विंगवर गायरो लावला तर तो शांत हवेत तुम्हाला फसवेल, कारण बराच वेळ ती ठीक वाटेल. पण त्याच्याकडे तेवढेच ७-८ मिमी आहेत. कमी वेगात, वळणात, बॅटरी जरा सरकल्यावर ते संपले की विंग पुन्हा मूळ स्वभावावर जाते, आणि आता ती तुमच्या डोक्यावरून ५० मीटरवर असते. शिवाय कॉम्प्युटरला जे कळतं त्यावरच तो वागतो. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वामला एका बी-२ च्या हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरपैकी ३ मध्ये ओल शिरली होती. कॉम्प्युटरला वेग आणि कोन दोन्ही चुकीचे कळले. विमान अपेक्षेपेक्षा १२ नॉट कमी वेगात उचललं गेलं, कॉम्प्युटरने स्वतःच नाक ३० अंशांपर्यंत वर नेलं, आणि ते स्टॉल होऊन धावपट्टीच्या बाजूला पडलं. दोघे वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडल्याने वाचले. तुमच्या विंगने जे तीनदा केलं तेच, फक्त शंभराहून अधिक टनांच्या विमानाने.

वारा जास्त असेल, कॅमेरा लावायचा असेल, तर गायरो जरूर लावा. माझ्या दोन विंगांवर आहे. पण आधी तो बंद ठेवून दहा-बारा फ्लाइट नीट होऊ द्या.

नाकाची पेटी लावल्यावर बॅटरीसकट सीजी पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका. एलिव्हॉनचा बाजूने काढलेला एक फोटोही द्या. स्टिक मागे ओढल्यावर दोन्ही वर जातात ना, हे मात्र फेकण्याआधी स्वतः बघा. मिक्सिंग (स्टिकनुसार एलिव्हॉन कुठे हलतील ती सेटिंग) उलटं करून लाँच करणारे आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी एक-दोन निघतातच, आणि एके वर्षी तो मीच होतो.