वाचकांचे प्रश्न : नडगीचे दुखणे आणि घाटातला सराव

प्रश्न : मी चौतीस वर्षांची असून साताऱ्यात राहते. गेली दोन वर्षे नियमित धावते. यंदाच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवल्यावर यवतेश्वर घाटातला सराव वाढवला आणि वजन उतरावे म्हणून रात्रीचे जेवण बंद केले. आता उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखते. आधी धावताना दुखे, हल्ली रात्री अंथरुणावरही ठणकते. एक्स-रे काढला, त्यात काही निघाले नाही. बरोबरचे धावपटू म्हणतात, गोळी घेऊन धाव, आपोआप मोकळे होईल. पाळीही आता दोन-तीन महिन्यांनी येते, पण ती धावण्यामुळेच लांबत असावी. धावणे बंद झाले तर माझी फार चिडचिड होते. काय करावे?

उत्तर : आपण पाळीचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य तेच आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडू लागले की शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची निर्मिती घटवते. त्यामुळे पाळी लांबते आणि त्याच इस्ट्रोजेनच्या आधारावर टिकणारी हाडाची बळकटीही कमी होऊ लागते. अशा हाडावर घाटातल्या उताराचे धक्के रोज बसत राहिले, तर झालेली सूक्ष्म झीज भरून निघण्याआधीच नवी झीज होते आणि अखेर हाडाला बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पाळी धावण्यामुळेच लांबली असे मात्र गृहीत धरू नये. थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा विकार) आणि गर्भधारणा या शक्यता स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात.

नडगीचे प्रत्येक दुखणे म्हणजे फ्रॅक्चर नव्हे. नडगीच्या आतल्या कडेवरून एका बोटाने हलके दाबत खाली या. चार-सहा बोटे लांबीचा पट्टा सगळीकडे सारखाच दुखत असेल, तर बहुधा ते हाडावरील आवरणाचे आणि तिथे जोडलेल्या स्नायूंचे दुखणे असते. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल आणि आपल्यासारखे रात्रीही ठणकत असेल, तर तडा आहे असे धरूनच वागावे. एक्स-रे निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो दिसतो. अस्थिरोगतज्ज्ञांना भेटेपर्यंत धावणे पूर्ण थांबवा. साधे चालतानाही दुखत असेल, तर कुबडीचा आधार घ्यायला लाजू नका.

गोळी घेऊन धावण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, सल्ला मात्र वाईट आहे. वेदनाशामक गोळीने तडा भरत नाही, त्याची सूचना तेवढी बंद होते. शिवाय घामाने शरीरातले पाणी घटलेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. दुखऱ्या जागेवर रगडून मालीशही करू नये.

नडगीच्या आतल्या कडेचा तडा साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येतो. पुढच्या धारेवरचा मात्र हट्टी असतो आणि त्याला बराच अधिक काळ लागतो. या काळात डॉक्टरांच्या संमतीने पोहावे किंवा दुखत नसेल तर सायकल चालवावी. घाम गाळण्याची सवय जडलेल्या माणसाची चिडचिड उपदेशाने कमी होत नाही, पण नेहमीच्याच वेळी उठून दुसरा व्यायाम केल्याने बरीच कमी होते. रात्रीचे जेवण आजपासून पुन्हा सुरू करा. भाकरी, डाळ, दूध-दही, नाचणी असे साधेच पण पोटभर खा, आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या.

सलग काही दिवस अर्धा तास भरभर चालूनही दुखले नाही, की सपाट रस्त्यावर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, तेही एक दिवसाआड, अशी सुरुवात करावी. धावताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी दुखले, तर एक पायरी मागे यावे. यवतेश्वरचा उतार सर्वांत शेवटी, कारण चढात दम लागत असला तरी नडगीला जास्त धक्के उतारावरच बसतात. यंदाची शर्यत सोडून द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. भरलेले प्रवेशशुल्क हे धावण्याचे कारण होऊ शकत नाही.

तज्ज्ञांकडे जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा आणि दर आठवड्याला धावलेले अंतर एका कागदावर लिहून न्या. एक्स-रेच्या पाकिटाइतकाच तो कागदही त्यांच्या कामी येईल.