जखमी घार सापडली तर पहिला अर्धा तास

दादरच्या तुमच्या सोसायटीतली मुलं जखमी घारीसाठी धावली आणि आता तुम्हाला अशा पक्ष्यांना मदत करायला शिकायचंय, हे तुम्ही कळवलेलं वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

आधी गर्दी हटवा. जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. घार चोचीपेक्षा नखांनी जास्त जखमी करते, म्हणून पाय आधी धरा. मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरून ठेवा आणि झाकण बंद. सारखं उघडून बघू नका, फोटोही नकोत.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चोचीत पाणी ओतणं. ते श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकणारा पक्षी हातात मरतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दूध-पावही नको.

पंखात मांजा रुतला असेल तर ओढू नका. दोन्हीकडून कापा, रुतलेला भाग डॉक्टरांवर सोडा.

झाडावर अडकली असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा, स्वतः चढू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचं रुग्णालय, तुम्हाला जवळच आहे. घरी मात्र पाळू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही.

टाके, पट्ट्या, उडण्याचा सराव हे नंतर शिकवेन. आज कोणाच्या घरी खोका आणि टॉवेल तयार राहील, तेवढं ठरवा.